पुराच्या पिंपातलं गोड

आमच्या पिंकीचं कागदोपत्री नावही पिंकीच आहे. लग्नात नवं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा भटजी तांदळाचं ताट पुढं धरून बसले, आणि उदयसिंह भावजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, हाय तेच चांगलं हाय." मी तिची थोरली जाऊ. मी तिथंच मनात म्हटलं, घ्या, ही तर उंबरा ओलांडायच्या आधीच नवऱ्याला खिशात घालून आली. माझा स्वभाव असाच फटकळ आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

घरात आम्ही मोजकी माणसं. सासूबाई बजाबाई, त्यांना आम्ही दोघी आत्या म्हणतो. माझे मालक अभिमन्यू पुण्याला ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. धाकटे उदयसिंह भावजी शेती आणि म्हशी बघणार. पिंकी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाणार, फाट्यावरून कंपनीची बस. तिची मुलगी संस्कृती अंगणवाडीत. आणि या सगळ्यांच्या मागं आवराआवर करायला मी.

गाव माढा तालुक्यातलं, सीनेच्या काठावरचं. सोलापूर म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो. आम्हालाही तोच आठवायचा. मग एका वर्षी नदी वेशीपर्यंत येऊन बसली आणि सगळ्या गावानं माळावरच्या शाळेत मुक्काम ठोकला. त्या वेळी आम्ही कपड्यांची बोचकी नेली, कागदपत्रं नेली, मी तर लग्नातला शालूसुद्धा नेला. खायला मात्र कुणी काही घेतलं नाही. नातीला दुसऱ्याच्या डब्यापुढं हात पसरावा लागला, हे आत्यांना फार लागलं. परत आल्यावर त्यांनी फर्मान काढलं की पुराचं खाणं वेगळं काढून ठेवायचं आणि एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही.

पिंकीनं सोलापुरातून निळं प्लास्टिकचं पिंप आणलं, झाकणाला लोखंडी पट्टा आवळायचं, आत थेंब जात नाही असलं. आत्यांनी ते भरलं. तळाला ज्वारीच्या कडक भाकऱ्या, वाळवून खडखडीत केलेल्या, महिनोन् महिने टिकणाऱ्या. त्यावर शेंगाचटणी, बेसन, मीठ, काड्यापेटी, बॅटरी आणि त्यांच्या स्वतःच्या सुया. आत्यांना साखरेचा आजार आहे. सकाळी उठल्या की त्या आपल्या हातानं पोटाला इन्सुलिन टोचून घेतात, आणि त्यानंतर थोड्या वेळात त्यांच्या पोटात भाकरी जावीच लागते. ते चुकलं की हात थरथरतात, घाम फुटतो. डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलंय की सुई घेतली आणि खाल्लं नाही तर माणूस हातचं जाईल.

पिंप भरलं, झाकण लागलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पिंकी झाकण काढून वर आणखी काहीतरी रचत बसलेली. संस्कृतीची क्रीमची बिस्किटं. भावजींची तिखट शेव. माझ्यासाठी चहाची पूड आणि सुंठ, कारण चहा मिळाला नाही की मी घर डोक्यावर घेते. आणि एका डब्यात कागदात गुंडाळलेल्या, दाण्या-गुळाच्या शेंगापोळ्या, आत्यांसाठी.

मी म्हटलं, "पिंके, पूर येनार हाय का जत्रा?"

ती हसली नाही. म्हणाली, "आक्का, लग्नाआदी लॉकडाऊनला मी कंपनीच्या खोलीवर अडकले हुते. दोन टायमाला खिचडी मिळायची, पोटभर मिळायची. तरी आईच्या हातची शेंगापोळी आटवून रडू यायचं. उपाशी न्हवते, तरी रडायची. आपल्यातलं कुनी तसं रडू न्हाय."

"आगं पर मला साखर हाय," आत्या आतून ओरडल्या. "गोड घालून मारतीस व्हय मला?"

"एकच तुकडा, आत्या. जिवाला बरं वाटायपुरता."

आत्या पुटपुटल्या, पण डबा बाहेर काढला नाही. पिंकी दर महिन्याला पोळ्या बदलायची. जुन्या निघाल्या की त्यातल्या निम्म्याहून जास्त मीच खायची, आणि खाता खाता तिची थट्टाही करायची.

मग तो सप्टेंबर आला. पाऊस थांबायचं नाव घेईना. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय, असं रोज कानावर यायचं आणि रोज काही व्हायचं नाही, त्यामुळं आम्ही निर्धास्त झालो होतो. एके दिवशी उजाडता उजाडता ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून कुंडलिक शिपाई ओरडायला लागला, "नदीकडंची घरं मोकळी करा! पानी वड्यात शिरलंय, लगीच निघा!" त्याच्या आवाजावरूनच कळलं की आज काही खरं नाही. आत्यांनी नुकतीच सुई टोचून घेतली होती. मी चुलीवर तवा ठेवला होता, तो तसाच राहिला.

भावजींनी शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्हाला चढवलं, पिंपही चढवलं. पिंकीनं त्यांचा हात धरला. "तुमी बी चला."

"म्हशी दाव्याला हायत. सोडतो आन आलोच. व्हा पुढं."

ट्रॉली हलली. त्यांचा फोन घरात चार्जिंगला लावलेला होता, तो घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. आम्ही ओढा ओलांडून माळावर चढलो आणि मागं वळून पाहिलं तर ओढ्यावरचा रस्ता पाण्याखाली गेलेला. शाळेच्या व्हरांड्यातून आमचा गोठा दिसतो. थोड्या वेळानं त्याचे नुसते पत्रे दिसत होते. दोन म्हशी पोहत बांधाकडं जाताना दिसल्या, म्हणजे दावी सोडलेली होती. सोडणारा माणूस कुठंच दिसत नव्हता.

मी आत्यांना व्हरांड्यालगतच्या वर्गात बसवलं आणि म्हटलं, भाकरी काढते, खाऊन घ्या, सुई झालीय. त्या म्हणाल्या, "उदा यिऊ दे की. संगंच खाऊ." मला वाटलं, येतीलच. मीही फार जोर केला नाही.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारची नाहीतर भावकीतली बाई पिठलं-भाकरी करून आणते, डोक्यावर पदर घेऊन घरच्या बाईजवळ टेकते, तिच्या पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, दोन घास खाऊन घ्या. त्याला कडू घास म्हणतात. आणि सुतक फिटेपर्यंत त्या घरात कुणी गोडाला शिवत नाही. चहासुद्धा काही घरांत बिनसाखरेचा होतो.

माळावरच्या वस्तीत कस्तुराबाई राहतात. बाई सोन्यासारखी. गाव शाळेत आलंय म्हटल्यावर तिनं लगेच चूल पेटवून टोपलंभर भाकरी आणि पातेलंभर पिठलं केलं. पुरात दुसरं काय करणार माणूस? टोपलं घेऊन ती शाळेत आली. भावजींचा पत्ता नाही हे तिला फाटकातच कळलं होतं. म्हणून एवढ्या माणसांतून ती आधी आमच्या आत्यांकडं आली. पावसाचा म्हणून डोक्यावर पदर होताच. ती आत्यांजवळ टेकली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बजाबाई, दोन घास खाऊन घ्या."

मी समोर उभी होते. आत्यांचा चेहरा उतरताना मला दिसला आणि माझ्या लक्षात आलं की घात झाला. आत्यांनी भाकरीकडं पाहिलं. मग व्हरांड्यातल्या पुरुषांकडं पाहिलं. ते दबक्या आवाजात बोलत होते, आत्यांनी बघताच गप्प झाले.

"आमच्या पिंपात भाकरी हायत," आत्या हळू म्हणाल्या. "भरून हायत. मंग तुमी कशाला आनली?"

कस्तुराबाईंनी टोपलं मागं ओढलं.

"माझा उदा गेला," आत्या म्हणाल्या. "समद्यांस्नी ठाव हाय. मलाच सांगंना कुनी."

सगळ्यांनी एकच गलका केला. न्हाय हो, कुनाला काय ठाव न्हाय, आसं काय नाय, यील की. पण मेलेल्याच्या घरी पहिल्यांदा असंच बोलतात, हे आत्यांना सत्तरीच्या वयात ठाऊक नसणार होय? त्यांनी पदराचा बोळा तोंडावर धरला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. रडल्या नाहीत. ते रडणं परवडलं असतं.

थोड्या वेळानं त्यांच्या मानेवर घाम दिसला. बाहेर गार वारा सुटलेला आणि आत्यांचं पोलकं भिजलेलं. मग हात थरथरायला लागले. गावच्या आशाताई धावत आल्या, हात बघितला आणि म्हणाल्या, "साखर उतरलीया. पटकन गोड काय तर द्या. बेशुद्ध पडल्या तर हितं काय बी करता येणार न्हाय, दवाखान्याचा रस्ता बंद हाय." शाळेच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी साखर आणली, पाण्यात कालवली, पेला आत्यांच्या ओठाला लावला. आत्यांनी दात मिटून घेतले. मी त्यांचं तोंड उघडायला गेले. त्यांनी सगळं माझ्या अंगावर थुंकलं.

"पोरगं पान्यात गेलंय माझं," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांची जीभ जड झाली होती. "आन माझ्या तोंडात साखर घालता?"

मला राग आला. भीती वाटली की मला आधी रागच येतो. मी आशाताईंवर ओरडले, कस्तुराबाईंवर ओरडले, देवावरही ओरडले असते. पिंकी इतका वेळ व्हरांड्याच्या खांबाला टेकून गोठ्याच्या पत्र्यांकडं बघत उभी होती. नवरा जिचा बुडाला असेल-नसेल ती ती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत होत नव्हती.

ती वळली. पिंपापाशी गेली, पट्टा सोडला, शेंगापोळ्यांचा डबा काढला आणि आत्यांच्या समोर येऊन मांडी घालून बसली. कागद उलगडला. एक पोळी घेतली, तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"आगं ए," कस्तुराबाईंच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पिंकी चावत होती. शेंगापोळी तशी कोरडीच, वर तिच्या तोंडात थुंकी नव्हती. घास गिळताना तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तरी ती आत्यांच्या डोळ्यांत बघत राहिली, आणि दुसरा तुकडा मोडला, तोही खाल्ला.

"आत्या, हिकडं बघा," ती म्हणाली. "मी गोड खातीय. ह्यांचं काय वाईट झालं आसतं तर मी ह्याला हात लावला आसता का? बायको हाय मी त्यांची. माझ्या कपाळाला कुंकू हाय, तोंडात गोड हाय. बघा की."

आत्यांनी बघितलं. किती वेळ बघत होत्या देव जाणे. पिंकीनं तिसरा तुकडा त्यांच्या ओठांपाशी धरला. हात अजिबात हलत नव्हता तिचा. आणि आत्यांनी तोंड उघडलं.

एक तुकडा, मग दुसरा, मग साखरेचं पाणी, मग पुन्हा तुकडा. आशाताई मनगट धरून बसल्या होत्या. हळूहळू घाम ओसरला, डोळे स्थिर झाले. मी भिंतीला टेकून खाली बसले.

पिंकी उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती शाळेच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी वाकली होती आणि खाल्लेलं सगळं बाहेर येत होतं. मी पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "आक्का, मला काय बी ठाव न्हाय. त्यास्नी मी बघितलंच न्हाय. काय झालं आसंल ओ?"

मला काय माहीत होतं? मी म्हटलं, तोंड धू. भावजी खरंच गेले असतील तर या गावात पिढ्यानपिढ्या सांगतील की नवरा पाण्यात वाहत होता तेव्हा उदयसिंहाची बायको सगळ्यांसमोर मांडी घालून शेंगापोळी खात होती. का खाल्ली, हे कुणी सांगणार नाही. संस्कृतीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते निघेल. पिंकी एवढी खुळी नाही, तिलाही हे कळत होतं, आणि कळत असून ती खाली बसली होती.

आत आलो तर कुजबुज सुरूही झाली होती. खिडकीपाशी बसलेली एक बाई दुसरीला म्हणत होती, "धन्याचा पत्ता न्हाय आन हिच्या घशाखाली गोड उतरलं तरी कसं?" मी म्हटलं, "तुमच्या घशाखाली आमची म्हातारी मेलेली उतरली आसती का? पिठलं वाढा गप." ती गप्प झाली. पण किती जणींना गप्प करणार होते मी?

दुपार सरत गेली. पाणी अजून चढत होतं. गोठ्याचे पत्रेही आता दिसेनात. नेटवर्क नव्हतं. कुंडलिक दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन आला आणि दोन्ही वेळा त्यानं नकारार्थी मान हलवली. संस्कृती बिस्किटाच्या पुड्यासकट माझ्या मांडीवर झोपून गेली. पिंकी पुन्हा खांबाला टेकून उभी.

"पिंके," आत्यांनी हाक मारली. "हिकडं यी. बस."

ती जवळ जाऊन बसली. आत्यांनी आवाज खाली आणला, पण मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"तुला ठाव न्हाय," आत्या म्हणाल्या. "उदाचं तुला काय बी ठाव न्हाय."

पिंकीचा चेहरा पांढरा पडला. "आत्या..."

"तुज्या डोळ्यांत दिसलं मला. तवाच दिसलं, पयल्या घासालाच."

"मंग तुमी का खाल्लं?"

आत्यांनी पदरानं पिंकीचं तोंड पुसलं. "मी न्हाई खाल्लं आसतं, तर आज गोड खानारी तू येकटी ऱ्हायली आसतीस. उद्या काय बरं-वाईट कळलं तर गावानं तुला जगू दिलं न्हसतं. आता आईनं बी खाल्लंय. आईला कोन काय बोलतंय बघू की."

पिंकीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तोंड फिरवून गोठ्याच्या दिशेनं बघत बसले, कारण मला रडायला येत होतं आणि ते कुणाला दाखवायची माझी पद्धत नाही. आत्यांचा हात पिंकीच्या केसांतून फिरत होता. त्या दोघींना त्या वेळी खरंच काही ठाऊक नव्हतं. मुलगा आहे का नाही, नवरा आहे का नाही. दोघींच्या पोटात गोड होतं आणि दोघी तशाच बसून होत्या.

दिवस कलला तेव्हा मागच्या बाजूनं, पांदीच्या कच्च्या वाटेनं, एक ट्रॅक्टर आला. त्यावर चिखलानं माखलेली चार-पाच माणसं होती. मदतीला आलेल्या बोटीवाल्यांनी त्यांना पलीकडच्या गावात उतरवलं होतं, आणि तिथून लांबचा वळसा घालून ती आली होती. शेवटची म्हैस सोडेपर्यंत पाणी छातीला लागलं, मग भावजी लिंबाच्या झाडावर चढले आणि दुपारपर्यंत तिथंच चिकटून होते, हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच दिसलं की खाली उडी मारून लंगडत येणारा माणूस आमचा आहे. कुंडलिक आनंदानं शिवी हासडून ओरडला. संस्कृती दचकून जागी झाली. पिंकी उठली, आणि उठून तिथंच उभी राहिली, एक पाऊल पुढं टाकता येईना तिला.

भावजी सरळ आईकडं आले आणि पायावर डोकं ठेवायला वाकले. आत्यांनी पाय मागं ओढून घेतले.

"माझ्या पाया मागनं पड," त्या म्हणाल्या. "आदी तिच्याकडं जा. आज तुज्यासाटी तिनं काय खाल्लंय, ते इचार तिला."

भावजी गोंधळून वळले. त्यांना वाटलं, उपाशी राहिली असेल, नाहीतर लोकांचे शिळे तुकडे खाल्ले असतील. भरल्या वर्गासमोर, अंगावरून चिखल गळत असताना त्यांनी तिला विचारलं, "काय खाल्लंस गं?"

पिंकी म्हणाली, "शेंगापोळी." आणि दिवसभरात पहिल्यांदा ती रडायला लागली.